हायड्रा भंगारात घालू नका

अप्पा, तुमचं हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. दिवाळीत फोनवर हेच बोलायला लागलो, तर तुम्ही मोबाईल गौरम्माकाकूंच्या हातात देऊन गोठ्याकडं निघून गेलात. आज हातात नारळ आहे, डोक्यावर फेटा आहे, आता कुठं जाल? गुडघे थकले म्हणून माणसानं घरी बसावं, ते मान्य. पण त्यापायी चांगली चालती हायड्रा क्रेन भंगारवाल्याला द्यायची?

तिकडं माझा फोन धरून उभा असलेला अजिनाथ हळूच सांगतोय, आधी व्यासपीठाला नमस्कार कर. बरोबर आहे. अध्यक्षस्थानी असलेल्या आपल्या सरपंच इंद्रायणीताई, प्रमुख पाहुणे आणि अप्पांचे एकेकाळचे वैरी गुंडाभाऊ, सत्कारमूर्ती ईश्वरप्पा म्हणजे आपले अप्पा, गौरम्माकाकू, समोर बसलेले सगळे ड्रायव्हर, क्लीनर, ऊसतोडीची टोळी आणि माझ्या कुंभारीकरांनो. मी दिग्विजय, अप्पांच्या हायड्रावरचा जुना क्लीनर, ओमानमधून बोलतोय. कागदावर लिहून ठेवलंय, ते फोनवरून वाचतो. अजिनाथ, मोबाईल माईकला चिकटवू नको, शिट्टी मारतोय.

अप्पांनी उलटलेल्या किती गाड्या उभ्या केल्या, ते गावातल्या लेकरांनाही ठाऊक आहे. मला त्यांची एक रीत सांगायची आहे. गाडी सरळ झाली की मालक येऊन चावी मागायचा. अप्पा द्यायचे नाहीत. ज्याच्या हातून उलटली त्याला शोधायचे. तो बिचारा कुठंतरी बांधावर मान घालून बसलेला असायचा. त्याला चहा पाजायचे, चावी हातात द्यायचे आणि म्हणायचे, "कुंद्रु." म्हणजे कन्नडमधनं, गाडीवर बस. मनातलं बोलायचं असलं की अप्पांना मराठी पुरत नाही. मालक ओरडायचा, "परत पाडंल की ओ हा." अप्पा म्हणायचे, "पाडू दे, मी हाय हितंच. आज न्हाय बसला तर जन्मात बसायचा न्हाय."

आता ते वळसंग रस्त्याचं प्रकरण. अप्पा, खाली बघू नका, सगळ्या गावानं पाहिलंय ते.

बिभीषणतात्यांची ट्रॉली उसासकट रस्त्याकडच्या चारीत आडवी झाली होती. आधी ओझं उतरवायचं, मग उचलायचं, हा अप्पांचाच नियम. पण तात्या अडून बसले. "मोळ्या रस्त्यावर टाकल्या तर अख्खं गाव ऊस खात बसंल. हाय तशी उचला की." एरवी अप्पांनी चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी भोवती गर्दी, पोरं मोबाईलवर शूटिंग करतायत. अप्पा म्हणाले, "व्हय, उचलतो." पट्टा ताणला, ट्रॉली हातभर वर आली आणि हायड्राची मागची चाकं अलगद उठली. पुढं काय झालं? लोकांच्या गाड्या उभ्या करणारी क्रेन ट्रॉलीच्या शेजारी जाऊन निजली. अप्पा आभाळाकडच्या दारातून बाहेर आले. मी धावलो, लागलं का विचारलं. तर म्हणाले, "माझा डबा कुटं हाय?"

हसा, पण तेव्हा कुणी हसलं नव्हतं. काकूंनी फोन लावला तो थेट गुंडाभाऊंना. भाड्याच्या दरावरून दोघांचं बोलणं बंद होतं, तरी भाऊ स्वतःची हायड्रा घेऊन आले. पहिलं काम म्हणजे ऊस उतरवला. तात्या, तुमचा ऊस गावानं खाल्लाच की नाही शेवटी? मग ट्रॉली आणि आमची क्रेन, दोन्ही उभ्या केल्या. बघतो तर अप्पा जागेवर नाहीत. डबा घेऊन रस्त्याच्या कडेनं पायीच घराकडं निघालेले.

भाऊ आडवे गेले. "अप्पा, पोरांना बसवायचं आन् सोता पळायचं व्हय?"

"गुडघा दुखतोय."

"हायड्रा काय गुडघ्यानं चालवतोस? कुंद्रु."

भाऊंना कन्नड तेवढंच येतं. अप्पांनी डबा माझ्या हातात दिला. मग चढले. पहिल्या गियरमध्ये कुंभारीपर्यंत आले आणि मागनं सगळं गाव ऊस खात चालत होतं, वरात निघावी तसं. मी पायरीवर उभा होतो. एवढा मोठा मी पुन्हा कधी झालो नाही.

मग मी हे सगळं सोडून ओमानला का आलो? खरं सांगतो, मला एका जागी बसवत नव्हतं. इथं मशिनं मोठी आहेत. वाळूत रुतलेला ट्रेलर आम्ही बघता बघता काढतो. मागच्या महिन्यात एक टँकर उलटला. ड्रायव्हर बिहारचा, माझ्याच वयाचा. टँकर उभा केला, तोवर कंपनीची गाडी त्याला घेऊन निघालीसुद्धा. मी साहेबाला म्हटलं, त्याला एकदा बसू द्या. साहेब म्हणाला, तसा नियम नाही. तो पोरगा काचेतून टँकरकडं बघत गेला. त्या दिवसापासून माझा जीव इथं लागत नाही. हायड्राचा आवाज ऐकावासा वाटतो. तात्यांशी भांडावंसं वाटतं. चारीच्या काठावर तुमच्या शेजारी बसून डबा खावासा वाटतो.

तुम्ही म्हणता, "दिग्या, तू येतो येतो म्हणतोस, येत न्हाईस. भंगारवाला सोमवारी येतोय." तुमचं चुकत नाही. दोन वर्षं मी नुसताच बोललो. पण माझा इथला करार गुढीपाडव्याला संपतोय आणि या वेळी मी तो वाढवलेला नाही.

इंद्रायणीताईंनी मला बोलू दिलं, गुंडाभाऊंनी चेष्टा सोसली, तुम्ही सगळ्यांनी लांबचा आवाज कान देऊन ऐकलात, सगळ्यांचे आभार. मोठ्यांपुढं शब्द वाकडा गेला असेल तर आठवी नापास पोर समजून पोटात घाला.

अप्पा, सोमवारी भंगारवाल्याला सांगा, हायड्रा विकली गेली. तुम्ही नको म्हणाल म्हणून आज सकाळी मीच अजिनाथच्या खात्यावर इसार टाकलाय, ऐंशी हजार रुपये.