पायऱ्या झाडाची बँकेची पाळी

अवो बाई, चहा खाली ठेवा, नाहीतं सांडन. माझ्या पोरानं फुलचूर गावाले फ्लॅट घेतला ना, बँकेचं कर्ज काढून? त्याच्या स्वयंपाकघराले खिडकीच नाही. फोडनी देली का सून खोकलून खोकलून लाल होते. सोसायटीवाले म्हने, "खिडकी काढा, पन पहिले बँकेची परवानगी आना." तं बँकेचा साहेब पाहाले आला.

"माँजी, भिंतीला हात लावायचा नाही. फ्लॅट आमच्याकडे गहाण आहे."

"फ्लॅटच, का पायऱ्या बी?" मी इचारलं.

"पायऱ्या, गच्ची, सगळ्यातला तुमचा हिस्सा. सबपर पहला हक बँक का."

"बरं झालं बापा, येळेवर आले!" म्हनून मी दाराआडचा झाडू त्याच्या हातात देला. "आज पायऱ्या झाडाची आमच्या घराची पाळी आहे. पहिला हक तुमचा, तं पहिले तुमी झाडा. मी मागून पानी टाकते."

"माँजी, झाडणं बँकेच्या कामात येत नाही."

"काऊन? हक येते आन् झाडू नाही येत?"

सारी बिल्डिंग दारात उभी राहून हसून राहिली. साहेब लाल.

आठ दिवसांत परवानगी आली, खिडकी झाली. मंग साहेब ते पाहाले आला. मी नव्या खिडकीतून झाडू दाखवून म्हटलं, "या ना, वर या!"

साहेब खालूनच ओरडला, "दिख गई माँजी, खिडकी दिख गई!" आन् गाडीले किक मारली.