घोड्याच्या नालेचं कडं

फ्रीगंजच्या दुकानात माझ्यापुढे एक वयस्क जोडपं धातू शोधायचं यंत्र बघत होतं. दुकानदारही मराठीच होता.

“पाण्यात चालेल ना हे?” गृहस्थांनी विचारलं.

“कमरेइतक्या पाण्यात आरामात चालेल, काकाजी. कुठे नेणार?”

“इथेच, क्षिप्रेवर. त्रिवेणी घाटावर.”

“अहो, घरी चला ना. पोलिसांनी बघितलंय सगळं.”

“वरवर बघितलंय, कल्पना. गाळात कोणी हात घातलाय?”

“आपला रुचिर बुडालेला नाहीये.”

“त्याचे कपडे, चपला घाटावरच होत्या.”

“शनि अमावस्येला सगळेच न्हाऊन कपडे-चपला तिथेच सोडतात. ढीग पडतात नुसते. तोही सोडून निघून गेला असेल कुठे.”

“मग फोन का नाही करत?”

“रागावला असेल. चला ना.”

“काकाजी, घाटावर हे सारखं वाजत राहील,” दुकानदार म्हणाला. “खिळे, पत्रे, काय काय पडलेलं असतं तिथे. त्यापेक्षा हे दुसरं घ्या. लोखंडावर वाजतच नाही. फक्त सोनं-चांदी पकडतं.”

“सोनं-चांदी नाही शोधायची मला. मुलाच्या हातात कडं होतं, काळ्या घोड्याच्या नालेचं. साडेसाती लागली म्हणून हिनेच घातलं होतं.”

“मग पहिलंच घ्या.”

“नाही, भैया.” बाईंनी दुसरा खोका दोन्ही हातांनी जवळ ओढला. “लोखंडावर न वाजणारंच द्या.”