रक्तातलं विरजण

जमलेल्या माणसांनो, आयाबायांनो, बोलणं अवघड आहे. मी जत्रेत पाळणा फिरवणारा. मला ओरडायची सवय. औंधच्या यात्रेत एकदा भोंगाच बंद पडला, तवा मी... जाऊ द्या, ते राहिलं.

आपल्या मालतीबाई, पोरांच्या डॉक्टर, गेल्या. रडायला उभा राहिलो आणि हसूच येतंय. त्याला बाईच कारण.

माझी भाची सोनी चार वर्षांची असेल. माण तालुक्यातनं सांगलीला बाईंच्या दवाखान्यात आणली तेव्हा तापानं फणफणलेली, अंगभर जांभळे डाग. सुई टोचली तिथलं रक्त थांबेना. बाई म्हणाल्या, "जंतू रक्तात शिरलेत. नको तिथं, बारक्या नसांत, रक्त गोठलंय. गोठायचं विरजण तिथंच संपलं, आता हवं तिथं उरलं नाही."

माझ्या आईनं एवढंच ऐकलं: विरजण.

झालं. आई वॉर्डातल्या खाटाखाटांपाशी फिरली. "आवं बाई, दहीभात नगा दिऊ. रगतात विरजण पडतंय." एसटीडी बूथवरनं गावालाही निरोप, दही लावू नका. सकाळी अख्ख्या वॉर्डानं दही सोडलेलं.

बाई आल्या. "ही नवी डॉक्टरीण कोण?" कळल्यावर खाटेवर बसून हसल्या. मग म्हणाल्या, "आजी, दह्याचा दोष नाही. चांगलं विरजण माणसाच्या रक्तातनं घ्यायचं. तुमचं काढू?"

"माजं? म्हाताऱ्या शेळीचं दूध व्हय?"

मी हात पुढं केला. "बारा गावचं पाणी प्यालेलं रगत हाय, बाई. चालंल?"

"गट जुळला तर चालेल. पोरगी भटकी निघेल, एवढंच."

गट जुळला. औषधं चालू, माझ्या रक्तातलं पिवळं पाणी, तेच ते विरजण, चालू. पण पोरगी गप. डोळा उघडेना, हूं न्हाई की चूं न्हाई. बाईही गप झाल्या. तेवढाच वेळ मी त्यांना हसताना बघितलं नाही.

आणि मग सोनीनं बाईंच्या हाताला लाथ घातली. "सोड की, मेले!"

काय सांगू गड्यांनो. बाईंनी टाळी वाजवली. "शिवी दिली! आता जगली."

रक्त गोठलेलं, त्यात पायाची करंगळी गेली. बाईंनी ते आधीच सांगितलं होतं, लपवलं नाही. पण सोनी आज एका जागी ठरत नाही. ती बघा, मांडवाच्या दोऱ्या सोडतेय.

आता दोन मिनिटं उभं राहूया. मोठ्यांनी गप राहायचं. पोरांना मात्र कुणी दटावू नका. पोरगं गप झालं की बाई घाबरायच्या.