निंबाचं बुड नेमकं कुठं होतं

माहं माहेर उंद्रीकडचं. चौथी शिकली मी, मंग बाप म्हणे पुरे झालं, अन् लग्न करून दिलं इकडं, धामणगाव बढ्याच्या अलीकडं. सासर माळ्याचं, विहिरीवर वांगे, मिरच्या, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर, अन् थोडी कोरडवाहू. सासू होती, नवरा होता, एक दुभती म्हैस होती. म्हशीचं आधीच सांगून ठेवते, कारण सगळं तिच्यापासूनच झालं.

तेव्हा महाराष्ट्र नवाच झाला होता अन् हायब्रीड ज्वारी निघाली होती. त्या ज्वारीले वावर साफ लागे. आमच्याकडं वावरात झाडं लय. झाड वाळलं की वखारवाला येऊन लाकूड तोडून नेते, पण बुड राह्यते जमिनीत, ते कोणी नेत नाई. मंग वखर चालला की त्यावर आदळते. आमच्याच वखराची पास, खालचं लोखंडी पातं, मोडली दोनदा. एक बुड काढाले चार माणसं आठ दिवस खोदत, अन् तरी अर्धं आतच.

मी मिरच्या घेऊन मलकापूरले गेली होती नवऱ्यासंगं. तिथं एका जिनिंगाच्या मागं मुकादमाच्या घरी मिरच्या टाकाच्या होत्या. पाह्यते तं काय, एक वाळका माणूस साखळी ओढून राह्यला अन् सरकीचं एवढं मोठं पोतं वर चढून राह्यलं. वर कप्पी, तिच्यात दाते, खाली साखळ्या. मी तिथंच उभी राह्यली. नवरा म्हणे चाल. मी म्हणलं, हे पोतं उचलते तं बुड काऊन नाई उचलणार? तो म्हणे पोत्याले मुळ्या असतात का व? तरी त्यानं मुकादमाले विचारलं. मुकादम म्हणे, आमची दुसरी जुनी पडली हाय कोपऱ्यात, एक दाता तुटला हाय, चालते पण फेऱ्याले एकदा घसरते. पैसे नको, घरी लेकरं हाय, दुभतं जनावर द्या.

म्हैस दिली. सासू तीन दिवस जेवली नाई नीट. म्हणे, दूध देणारी देऊन लोखंड आणलं, आता बसा लोखंडाले पिळत. ते खरंही होतं. घरी आणली तं कोणती साखळी ओढाची तेच कळेना. एक ओढली की वर जाय, दुसरी ओढली तरी बी वर जाय असं वाटे. मुकादमानं सांगितलं होतं, पण नवऱ्याले वाटलं मी ऐकलं, मले वाटलं त्यानं ऐकलं. दोन दिवस घरच्या आढ्याले उखळ टांगून शिकलो आम्ही. फेरा पुरा झाला की कट् वाजे अन् उखळ चार बोटं खाली येई. सासू म्हणे, पडू द्या माह्या डोक्यावर.

मंग काम लागलं. काय सांगू तुम्हाले, लोक बोलवाले आले. बागेचं काम सकाळी, अन् दुपारून बुड. आमची रीत अशी होती. आधी बुडाले हळद-कुंकू लावाचं, झाड होतं ते, जीव होता. मंग हातभर दूर गोल खोदून मुळ्या तोडाच्या, तीन बल्ल्यांचं तिकाटणं उभं कराचं, वर कप्पी, खाली साखळीचा फास, अन् दोघांनी ओढाचं. कट् वाजे तेव्हा दूर व्हाचं. बुड निघे दाढ निघावी तसं. पण खरं काम त्याच्या पुढं. दुसरे लोक खड्डा तसाच टाकून जात, बैलाचा पाय जाय त्याच्यात. आम्ही नाई. आम्ही खड्डा भरत होतो, पाणी टाकून धुमसानं ठोकत होतो, वरून वखर फिरवून देत होतो. काल इथं झाड होतं हे पाखरालेही कळू नये असं. याच्याच भरवशावर आमचं नाव होतं. अन् याच्यानंच घात झाला.

दादाराव अन् किसन, सख्खे भाऊ. बापाचं वावर दोघांत वाटलेलं. आमच्याकडं वावराच्या हद्दीले धुरा म्हणतात. त्यांचा धुरा म्हणजे एक निंब. निंबापासून नाल्यापर्यंत सरळ पाहाचं, इकडचं दादारावचं, तिकडचं किसनचं. निंब वाळला, लाकूड गेलं, बुड राह्यलं. दादाराव आला म्हणे काढून द्या. मी विचारलं, किसनभाऊले विचारलं का? तो म्हणे, माहा भाऊ हाय तो, तुले काय कराचं व? किसन तेव्हा सासुरवाडीले गेला होता. आम्ही काढलं. भरलं, ठोकलं, वखरलं. दादारावनं लगेच अख्खं वावर आडवं-उभं वखरून घेतलं.

किसन आला. वावरात गेला अन् तसाच वापस आमच्या दारात. म्हणे, वहिनी, माहा निंब कुठं हाय? मी गेली दाखवाले. अन् पाहाते तं, बाई, काहीच नाई. काळी माती, इकडून तिकडून सारखी. दादाराव एका जागी उभा, म्हणे इथं होतं. किसन त्याच्यापासून दहा पावलं दूर, म्हणे इथं होतं. मी नवऱ्याकडं पाह्यलं, तो दादारावकडं बोट करे. माहं मन म्हणे किसन खरं बोलून राह्यला. मंग पुन्हा पाह्यलं तं वाटे दादाराव. सकाळी एक वाटे, दुपारी दुसरंच. मी स्वतःच्या हातानं काढलेलं बुड मले सापडेना.

पाटलाच्या ओट्यावर बैठक झाली. पाटील म्हणे, तुम्हीच काढलं, तुम्हीच सांगा, अन् सांगत नाई तोवर कप्पी चावडीत राहीन. नेली कप्पी. म्हैस पहिलेच गेली होती, आता कप्पी बी गेली, अन् दोन बुडांचं काम सांगून ठेवलेलं. घरी नवरा म्हणे, दादारावचं सांगून दे, मोठा हाय. सासू म्हणे, किसनचं सांग, त्याचे लेकरं लहान. मी म्हणलं, अन् खरं कोणाचं हाय?

मंग गावातला म्हातारा गणूबुवा बोलला, की पहिले असं करत, साक्षदारानं वावराच्या मातीचं ढेकूळ डोक्यावर घ्याचं अन् चालाचं. तो जिथून चालते ती हद्द. खोटा चालला तं त्याचं घर बसते, लेकराबाळांसकट. मी हे मानत नव्हती. पण सारा गाव जमला अन् ढेकूळ डोक्यावर आलं, तेव्हा मले माहे दोन पोट्टे दिसले. मी उभी राह्यली. पाय उचलाले गेली तं कोणता उचलू तेच समजेना. दादाराव म्हणे, चाल ना व, काय पाय रुतले का? किसन म्हणे, नवऱ्याच्या बोटाकडं नको पाहू वहिनी, मातीकडं पाह्य. मातीकडंच पाहून राह्यली होती मी. किती वेळ उभी राह्यली सांगता येत नाई. मंग ढेकूळ खाली ठेवलं अन् म्हणलं, मले माहीत नाई.

नवऱ्यानं मान खाली घातली. पाटील म्हणे, बरं हे. मी म्हणलं, खोदा. आमच्या कुऱ्हाडीची धार एका जागी झडलेली हाय, मुळीवर तिची रेघ उठते. जिथं रेघ तिथं बुड.

दादारावच्या जागी खोदलं. मुळ्या निघाल्या, रेघ होती. किसन म्हणे आता इकडं. तिथं खोदलं, तिथंही मुळ्या, तिथंही रेघ. मी हात लावून पाह्यला. आमचीच कुऱ्हाड. मंग नवरा हळूच म्हणे, एक मोठी मुळी सुटत नव्हती, मी दूर जाऊन तोडली होती दोन-तीन जागी. कोणत्या बाजूले? ते काही आठवत नाई म्हणे. माणसं हसली. मले हसू आलं नाई.

पाटलानं कप्पी देऊन टाकली. म्हणे, डोक्यावर ढेकूळ घेऊन जी बाई माहीत नाई म्हणते तिचं मी काय करू. अन् भावांले सांगितलं, तुमच्या दोन जागांमधलं रान कोणीच नांगराचं नाई. दोघंही मनातून खूष, की माही रेघ निघाली.

त्याच्यापुढं मी प्रत्येक खड्ड्यात भराच्या आधी एक दगड उभा गाडत गेली, चुना लावून, वर वीतभर ठेवून. लोक म्हणत, बुड काढाले सांगितलं अन् ही गोटा लावून जाते. मी म्हणे, गोटा नको असंल तं दुसऱ्याले बोलवा. दुसरा होता कोण? बरीच वर्षं केलं. म्हैस दोन वर्षांनी घेतली. सासू तिचं दूध पिऊन गेली, लोखंडाले शेवटपर्यंत शिव्या देत.

त्या पडीक पट्ट्यात तुटल्या मुळ्यांतून निंब फुटले. एक नाई, सात. आता मोठे झाले. मागच्या महिन्यात दादारावचा नातू ते मोठं पिवळं यंत्र घेऊन आला, म्हणे आजी, सातही काढून टाकतो, फक्त धुरा कुठं होता तेवढं दाखवा, तुम्हीच एक राह्यल्या. गेली मी काठी टेकत. सावलीत उभी राह्यली. इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं. पाय पुन्हा तसाच, उचलते कोणता ते समजेना. त्याले म्हणलं, बावा, पहिले गोटा गाड, मंग झाड काढ. तो म्हणे गोटा कुठं गाडू? ते विचारू नको म्हणलं.

तुम्ही लिहून घेऊन राह्यल्या तं असं लिहा बाई, इथंच कुठंतरी होतं. मी काढलं अन् मी चांगलं बुजवलं. याच्याहून नेमकं मले तेव्हाही सांगता आलं नाई, आताही येत नाई. चहा घ्या, थंडा होऊन राह्यला.