ऐकू आलं की बटण दाबायचं

कानांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन मित्र बसले होते. त्यातला एक, गॅरेजमधला मेकॅनिक, नुकताच आतून तपासणी करून आला होता.

“काय म्हणाल्या डॉक्टरबाई?”

“मोठ्यानं बोल जरा. रिपोर्ट यायचाय.”

“परदेशात रॉकचा कार्यक्रम ऐकायला गेलो, ठीक. पण स्पीकरला चिकटून उभं राहायला कुणी सांगितलं होतं?”

“तूच की! ‘मागे काय म्हाताऱ्यांसारखं उभं राहायचं’ म्हणालास.”

“अरे, माझे कान दोन दिवसांत ठणठणीत झाले. तुझं असं होईल हे मला काय ठाऊक!”

“तीन आठवडे झाले. इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगतो, म्हणून तर मालकांनी ठेवलंय मला. सध्या अंदाजानं ठोकून देतोय. काल चुकलो.”

“आत काय करायला लावलं?”

“हेडफोन लावायचे. बारीक शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं.”

“मग?”

“सारखं दाबत होतो.”

“म्हणजे सगळं ऐकू आलं! उगाच जीव टांगणीला लावलास. चल, चहा पाजतो.”

“अरे, नंतर बाईंनी मशीन बंद केलं, हेडफोनही काढून घेतले. शिट्टी चालूच होती.”