पासंगाला आई

(१९४८. कोपरगावजवळचा उसाचा मळा. पत्र्याच्या शेडात वडिलांच्या दोन मोटारी उभ्या आहेत: इंग्रजी बेंटली आणि जर्मन मर्सिडीज.)

श्रीमंत : हॅट्! ह्या जर्मनला गाडी म्हनायचं? निम्मी गाडी तर इंजिनच हाय. मानसानं बसायचं कुठं, बॉनेटवर?

रंगनाथ : एवढी वाईट आहे तर दादा, सकाळपासून तिच्यावरच फडकं का मारतोयस?

श्रीमंत : घानेरडी तुझ्या वाट्याला जाऊ नये म्हून. ती बघ बेंटली! इंग्रज गेला, पन गाडी ठिवून गेला. चालू केली तरी कानाला कळत न्हाई.

रंगनाथ : कळायला तिच्यात आहे काय? क्लबातला म्हातारा साहेब नुसता. मऊ गादी, हळू बोलणं, आणि अंगात रग म्हणून नाही. मर्सिडीजचं पेडल तळापर्यंत दाबलं की कॉम्प्रेसर किंचाळतो. तात्यांनी येवल्याच्या रस्त्यावर दाबलं होतं, तेव्हा...

श्रीमंत : तवा बैलं उधळली, आन् टाकी घटाघटा रिकामी झाली. शेवटाला त्याच बैलांनी वढून घरी आनली! आता पेट्रोल रेशनवर. आन् पार्ट आनायला कुठं जाशील? लढाईत तिकडं कारखान्यांचा कोळसा झाला.

रंगनाथ : म्हणजे मी जर्मन घेऊ नये.

श्रीमंत : मी कोन सांगनार? तात्यांचं वर्षश्राद्ध झालं, आता वाटनी. रीत हाय. थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. जमीन निम्मी निम्मी केली. एकीकडं बेंटली, एकीकडं जर्मन. उचल.

रंगनाथ : सगळं सांग. जर्मनच्या वाट्यात आणखी काय घातलंयस?

श्रीमंत : आई.

रंगनाथ : वा! जर्मन घेईल त्यानं आईला सांभाळायचं.

श्रीमंत : कुनीतरी सांभाळायची हायच की.

रंगनाथ : पुण्यात माझ्या दोन खोल्या. माझ्या बायकोचं आणि आईचं एक दिवस पटत नाही. हे सगळं तुला ठाऊक आहे. मी मुकाट्यानं बेंटली उचलणार, आणि जर्मन तुझी. तीच हवीय तुला!

श्रीमंत : मंग घे की जर्मन. आईसकट.

रंगनाथ : आईला बेंटलीकडे घाल. आत्ता उचलतो.

श्रीमंत : लई शहाना!

गोजरबाई : घाला की इकडनं तिकडं. मी हितं दारातच हाय.

श्रीमंत : आये! तू कवा आलीस?

गोजरबाई : तू गाडीवर फडकं मारत हुतास तवा. बाजारात पारडं सारखं व्हावं म्हून दगुड टाकत्यात, पासंगाला. तसं मला टाकलं व्हय रं?

श्रीमंत : तसं न्हाई, आये. मी सांभाळलंच असतं तुला.

गोजरबाई : गाडी मिळनार म्हून. आन् ह्याला गाडी पाहिजे, पन आई नको. तुमच्या बापानं ह्या धुडांत मला एकदाबी बसवलं न्हाई. मी म्हनायची, जाऊ दे, पोरं बसवतील. थू तुमच्या जिनगानीवर! लाज वाटती मला, माझ्या दुधाची.

रंगनाथ : आई, रागावू नकोस. आपण कायद्यानं...

गोजरबाई : व्हय, कायदाच सांग. भीमाबाईच्या घरी वाटनी झाली, तवा तिला पोरांच्या बरूबरीचा वाटा मिळाला. विधवेला कायदा हाय म्हनत्यात. हाय का न्हाई, वकिला?

रंगनाथ : ...आहे.

श्रीमंत : आन् तू गप बसलास?

रंगनाथ : तू तरी कुठं विचारलंस?

गोजरबाई : तीन वाटे पाड, श्रीमंता. आन् आधी मी उचलनार.

श्रीमंत : कंची गाडी पाहिजे तुला?

गोजरबाई : गाडी कुनाला पाहिजे! हे घर, हीर आन् हिरीखालचा मळा माझा. सांजच्या आत दोन्ही धुडं हितनं हलवा. आन् जाताना फाटक लावून घ्या, शेरडं उसात शिरत्यात.