एकच फरशी

तुमसरच्या स्टँडवर लाखांदूरच्या गाडीसाठी रांगेत उभ्या असलेल्या निर्मलाबाईंनी पुढच्या दोघींच्या बोलण्याकडे कान लावला.

"माह्या धाकट्या जावेच्या पोहण्याच्या हौदाले खार चढला, उषा. निळ्या फरशा पांढऱ्या फटक!"

"बोरिंगच्या पाण्यानं होतेच, सुलोचनाबाई. आपल्या पाण्याच्या गुंडालेबी चढते. चिंचेनं घास म्हणून सांगितलं नाही तिले?"

"कायले सांगू? हौद बांधला तवा पाय बुडवायलेबी बोलावलं नाही मले. आता खार काढाले नागपूरचा माणूस बोलावून राहिली."

"मंग तुमच्या नखांत चिंच काहून?"

"दुपारी ती झोपली, तवा एक फरशी घासली. आरशासारखी चमकली."

"एकच?"

"एकच. तेवढीच कशी उजळली, याचा जन्मभर घोर लागू दे बयेले!"